नवा महागडा गोल्ड डिटेक्टर घ्यावा की जुनाच चालवावा?

मेलबर्नहून पहाटे निघालं की दोन-अडीच तासांत डनॉली, टार्नागुला, मोलियागुल, वेडरबर्न ही गावं लागतात. हा सगळा पट्टा म्हणजे व्हिक्टोरियाचा 'गोल्डन ट्रँगल'. १८६९ मध्ये मोलियागुलला 'वेलकम स्ट्रेंजर' हा अजस्र नगेट, म्हणजे सोन्याचा नैसर्गिक गोळा, जमिनीखाली जेमतेम काही सेंटिमीटरवर सापडला. १९८० मध्ये किंगोवरला केव्हिन हिलियर यांना डिटेक्टरने २७ किलोंचा 'हँड ऑफ फेथ' मिळाला. त्यानंतर या जमिनीवरून डिटेक्टरच्या कितीतरी पिढ्या फिरून गेल्या आहेत. उथळ आणि ठसठशीत सोनं बहुतेक उचललं गेलंय. मागे राहिलंय ते बारीक, सच्छिद्र, गारगोटीत अडकलेलं किंवा खोलवरचं.

म्हणून दर काही वर्षांनी नवं मशीन बाजारात आलं की आठ-नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर घालावेत का, हा प्रश्न उभा राहतो. त्याचं उत्तर माहितीपत्रकात मिळत नाही, आणि हवेत नाणं धरून केलेल्या चाचणीत तर अजिबात नाही. तुम्ही जिथं खरोखर जाता त्या जमिनीत तुमचं आताचं मशीन काय मागे सोडतंय, ते मोजावं लागतं. ते कसं मोजायचं आणि मोजल्यावर पैशांचा हिशेब कसा लावायचा, ते इथं सांगितलं आहे.

नवं मशीन जास्त काय ऐकतं

पल्स इंडक्शन मशीन कॉइलमधून, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या तारेच्या वेटोळ्यातून, जोराचा प्रवाह सोडतं आणि झटक्यात तोडतं. त्या झटक्याने जमिनीतल्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात. कॉइल गप्प झाली की ते विरत जातात, आणि मशीन ते विरणंच ऐकतं. भरीव, मोठ्या नगेटमधले प्रवाह रेंगाळतात. मोहरीएवढ्या कणातले किंवा जाळीदार नगेटमधले प्रवाह मात्र काही मायक्रोसेकंदांत संपतात, आणि जुनं मशीन कान लावेपर्यंत तिथं सगळं शांत झालेलं असतं. जीपीएक्स ६००० सारखी २०२१ पासूनची मशीन (इथं नावं घेतलेली सगळी मॉडेलं माइनलॅब कंपनीची) फार लवकर ऐकायला लागतात. तिथंच त्यांचा खरा फायदा आहे: बारीक सोनं, सच्छिद्र सोनं, गारगोटीतलं सोनं.

दुसरा फायदा माती सांभाळण्यातला. कोकणातला जांभा डोळ्यांसमोर आणा. तशीच लोहाने भरलेली तांबडी, खडेदार माती इथं पुष्कळ आहे. तिच्यातले चुंबकीय कण स्वतःच आवाज करतात, आणि 'हॉट रॉक' म्हणतात ते लोखंडी खडे तर हुबेहूब सोन्यासारखे बोलतात. अशा जमिनीत जुनं मशीन गप्प ठेवायला संवेदनशीलता उतरवावी लागते, आणि ती उतरली की बारीक सोनंही हातचं जातं.

तिसरा फायदा वजनाचा. जीपीएक्स ६००० सुमारे २.१ किलो, बॅटरी मशीनमध्येच. २०१५ चं जीपीझेड ७००० खोलीला उत्तम, पण ३.३ किलोंच्या आसपास. हार्नेस आणि बंजी दोरी लावूनही दुपारनंतर खांदा बोलू लागतो. वजनामुळे कुणी दिवसाला तीनच तास काढत असेल आणि हलक्या मशीनने सहा तास काढणार असेल, तर त्याच्यासाठी निव्वळ वजन हेसुद्धा नवं मशीन घेण्याचं पुरेसं कारण आहे.

आता खोलीबद्दल, कारण सर्वांत जास्त अपेक्षाभंग इथंच होतो. कॉइलपासून लांब असलेल्या छोट्या वस्तूचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो. म्हणजे अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौसष्टाव्या हिश्शावर येतो. हेच उलट फिरवून पाहा: मशीन दुप्पट संवेदनशील झालं तरी खोली वाढते फक्त १२ टक्के. जो नगेट ३० सेंटिमीटरवर ऐकू यायचा तो आता ३३-३४ वर येईल. तेव्हा 'दुप्पट ताकद' ऐकून दुप्पट खोलीची आशा धरू नका. भरीव, मोठ्या, खोल नगेटवर चांगली मोठी कॉइल लावलेलं जुनं जीपीएक्स ५००० आजही मागे पडत नाही.

आधी जुनं मशीन ठाकठीक करा

मोडक्या जुन्याची तुलना कोऱ्या नव्याशी केली तर नवंच जिंकणार, आणि तो निकाल खोटा असेल. आधी हे तपासा.

कॉइलखालचं प्लास्टिकचं आवरण, म्हणजे स्किड प्लेट, काढून धुवा. आत शिरलेली लोखंडी माती कॉइलबरोबरच फिरत असते आणि दर झोक्याला थ्रेशोल्ड, म्हणजे हेडफोनमधली सतत चालणारी मंद गुणगुण, डळमळवते. आवरणाला तडा असेल तर नवं बसवा.

केबल दांड्याला नीट गुंडाळून वेल्क्रोने पक्की करा. मशीन चालू ठेवून केबल कनेक्टरजवळ हलवा. खरखर आली तर तार तुटायला आलीय. मग कॉइल बोटाच्या पेराने हलकेच ठोका. ठोकल्यावर आवाज येत असेल तर कॉइल आतून सैल झाली आहे. ती बदला.

बॅटरी पूर्ण चार्ज करून सलग चालवा आणि किती तास टिकते ते लिहून ठेवा. हेडफोन दुसरा लावून पाहा. वय पन्नाशीपुढे असेल तर कानांची तपासणी करून घ्या. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि बारीक सोन्याचा आवाज नेमका उंच पट्टीचा असतो. जीपीएक्स ४५०० किंवा ५००० वर टोन खालच्या पट्टीत आणता येतो. एवढ्यानेच काहींना सोडलेले सिग्नल परत ऐकू येतात.

मग सेटिंग. जीपीएक्स ५००० वर 'फाइन गोल्ड', 'सेन्सिटिव्ह एक्स्ट्रा' आणि 'एन्हान्स' या तीन टायमिंगमध्ये, म्हणजे मशीनने कधी ऐकायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, जमीन-आसमानाचा फरक पडतो. मऊ, म्हणजे कमी लोहाच्या, मातीत त्रासदायक जमिनीसाठीचं 'एन्हान्स' लावून फिरणारा माणूस स्वतःच्या हाताने सोनं सोडतोय. त्याच मशीनला बाराएक इंचांची बारीक सोन्याची मोनो (एकाच वेटोळ्याची) कॉइल लावली तर खर्च काही शे डॉलर येतो, आणि नव्या मशीनने जे दिलं असतं त्यातला बराच वाटा तीच देते. आधी कॉइल, मग मशीन, असा आमचा ठाम आग्रह आहे.

शेवटी चाल. डावीकडून उजवीकडे एका झोक्याला तीन-चार सेकंद द्या. कॉइल जमिनीला जवळजवळ घासत राहू द्या. पुढचा झोका आधीच्या निम्म्यावर चढवा. मोनो कॉइलचं क्षेत्र खोलीबरोबर शंकूसारखं निमुळतं होत जातं, म्हणून निम्मा झोका चढवला नाही तर पंचवीस सेंटिमीटरवर मधले पट्टे कोरेच राहतात. झोक्याच्या टोकाला कॉइल पाच सेंटिमीटर वर उचलली जाते, ही सर्वांत सामान्य चूक. ती नव्या मशीननेही तितकीच महागात पडते, कारण उचललेले पाच सेंटिमीटर हे वर सांगितलेल्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त भरतात.

न खोदता केलेली तुलना

खरी चाचणी हीच. गोल्डन ट्रँगलमधल्या काही दुकानांत मशीन दिवसावर भाड्याने मिळतं. दोन दिवस घ्या. किंवा ओळखीच्या माणसाला त्याच्या नव्या मशीनसकट बरोबर न्या. व्हिक्टोरियात 'मायनर्स राइट' हा परवाना लागतो. तो दहा वर्षं चालतो आणि ऑनलाइन काढता येतो. दोघांकडेही तो असू द्या.

जागा अशी निवडा जिथं तुम्हाला पूर्वी सोनं मिळालंय आणि आता 'संपलं' असं वाटतं. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन दोरीने आखा. पायात स्टीलच्या टोपीचे बूट नकोत. फोन खिशातून काढून पिशवीत ठेवा. कुदळ पाठीमागे लटकवा, कॉइलजवळ तिचं पातं यायला नको.

जुन्या मशीनने चौकोन उत्तर-दक्षिण आणि मग पूर्व-पश्चिम पिंजून काढा. सिग्नल आला की खोदू नका. तिथं प्लास्टिकची चकती ठेवा आणि वहीत नोंद करा: ठळक, बारीक की शंकास्पद. झालं की जुनं मशीन पूर्ण बंद करा. जवळपास दोन पल्स मशीन चालू असली की एकमेकांचा आवाज कानात शिरतो, आणि मग दोष भलत्याच मशीनला जातो. आता नव्या मशीनने फक्त त्या चकत्यांवरून फिरा आणि तशीच नोंद करा.

बहुतेक जण इथंच थांबतात, आणि चाचणी अर्धवट राहते. जुन्याने शोधलेली जागा जुन्याला ऐकू येते हे उघडच आहे. जुन्याला काय ऐकू येत नाही ते यातून कळत नाही. म्हणून दुसरा, शेजारचा चौकोन घ्या आणि क्रम उलटा करा: आधी नवं मशीन, चकत्या, मग जुनं. या दुसऱ्या फेरीत नव्याने धरलेल्या आणि जुन्याने सोडलेल्या ज्या चकत्या निघतील, त्यांच्यावरच तुमचा निर्णय ठरतो.

आता खोदा. खोदण्यापूर्वी बारीक सिग्नलचा स्वभाव नीट ऐका. थ्रेशोल्डची गुणगुण एकसारखी चालू असते आणि एका ठिकाणी ती किंचित फुगते, श्वास घेतल्यासारखी. बुटाने वरचा पालापाचोळा आणि दोन सेंटिमीटर माती सारा आणि पुन्हा कॉइल फिरवा. आवाज टोकदार झाला तर धातू आहे. पसरटच राहिला किंवा नाहीसा झाला तर बहुधा जमिनीचाच आवाज होता. काही सिग्नल मातीबरोबर सरकतात, ते वरचेच छर्रे. खड्ड्यातून आवाज गेला की माती प्लास्टिकच्या स्कूपमध्ये घ्या, कॉइलवरून फिरवा, निम्मी टाका, पुन्हा फिरवा. कुदळीला चुंबक असेल तर आधी मातीतून तो फिरवा. १८५० च्या दशकातल्या खाणकामगारांच्या बुटांचे खिळे या भागात खोऱ्याने निघतात.

प्रत्येक वस्तूसाठी तीन गोष्टी लिहा: काय निघालं, किती सेंटिमीटरवर, आणि सोनं असेल तर ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर वजन. किमान वीस चकत्या खोदल्याशिवाय मत बनवू नका. पाच-सहा खोदून काढलेला निष्कर्ष नशिबाचा असतो. खड्डा प्रत्येक वेळी बुजवा. तो कायदाही आहे, आणि उघड्या खड्ड्यात कांगारूचा पाय मोडतो.

दोन्ही मशीनची चाचणी एकाच दिवशी, एकाच ओलाव्यात घ्या. पावसानंतरच्या जमिनीत आणि महिनाभर वाळलेल्या जमिनीत आवाज वेगळे येतात.

सोनं नसलेल्या जमिनीतही आवाजाची तुलना करता येते, पण नगेट खड्ड्यात पुरून वर माती लोटू नका. उकरलेली माती सलग मातीसारखी वागत नाही. त्याऐवजी बाजूने तिरका बोळ पाडा, इतका की त्याचं टोक अखंड जमिनीखाली वीस सेंटिमीटरवर येईल. अर्ध्या ग्रॅमचा नगेट लाकडी काठीच्या टोकाला चिकटपट्टीने बांधून आत सरकवा. काठी असली की नगेट हरवतही नाही. सोनं नसेल तर शिशाचा छोटा छर्रा बऱ्यापैकी तसंच बोलतो.

हिशेब: एकूण सोनं नाही, वाढीव सोनं

नव्या मशीनने वर्षाला तीस ग्रॅम दिलं म्हणजे ते वसूल झालं, असं होत नाही. त्यातले चोवीस ग्रॅम जुन्यानेही दिले असते. मोजायचे ते वरचे सहा.

एक उदाहरण मांडू. आकडे तुमचे घाला. मशीन ८,५०० डॉलर, जादा कॉइल आणि बॅटरी १,०००. एकूण ९,५००. जुनं मशीन ३,००० ला गेलं, म्हणजे खिशातून ६,५००. चार वर्षांनी नवं ४,५०० ला विकलं जाईल असं धरा. जुनं तोवर ठेवलं असतं तर त्याचे १,८०० आले असते. त्या दोहोंतला फरक २,७००, तो वजा केला की चार वर्षांचा खरा खर्च ३,८०० उरतो. वर्षाला ९५०.

सोन्याचा भाव समजा ग्रॅमला १५० डॉलर. व्हिक्टोरियाचं सोनं शुद्धतेला नावाजलेलं, तरी नगेट म्हणजे शंभर नंबरी सोनं नव्हे. घेणाऱ्याची कपातही असते. हातात १३५ धरा. ९५० भागिले १३५ म्हणजे सात ग्रॅम. वर्षाला पंधरा दिवस जात असाल तर दिवसाला सुमारे अर्धा ग्रॅम वाढीव सोनं हवं.

अर्धा ग्रॅम म्हणजे किती? मुगाच्या दाण्याएवढी भरीव गोळी साधारण तेवढ्या वजनाची असते. मोहरीएवढा कण ०.०५ ग्रॅमच्या आसपास. तेव्हा नवं मशीन तुम्हाला मोहरीच देणार असेल, तर दिवसाला दहा मोहऱ्या जास्त काढाव्या लागतील. एका खड्ड्याला पाच-दहा मिनिटं, आणि मध्ये बंदुकीचे छर्रे, तारेचे तुकडे, पत्र्याच्या चिंध्या वेगळ्या. संवेदनशील मशीन कचराही तितक्याच प्रामाणिकपणे ऐकवतं. ही मेहनत हिशेबात धरल्याशिवाय आकडा पुरा होत नाही. चाचणीच्या दुसऱ्या चौकोनातलं वाढीव सोनं किती तासांत निघालं ते वहीत आहेच. त्यावरून तुमच्या दिवसाचा आकडा काढा आणि या अर्ध्या ग्रॅमशेजारी ठेवा.

वर्षाला चारच दिवस जाणाऱ्याला हा हिशेब सहसा बसत नाही. त्याने सोनं हा नफा न मानता मशीन छंद म्हणून घ्यावं, किंवा त्या चार दिवसांना भाड्याने घ्यावं.

कुणाला फरक मोठा, कुणाला छोटा

व्हीएलएफ मशीनवरून, म्हणजे झटके न देता सतत लहरी सोडणाऱ्या डिटेक्टरवरून, पल्स इंडक्शनवर जाणाऱ्याला सर्वांत मोठा फरक दिसतो. गोल्ड मॉन्स्टर १००० हे ४५ किलोहर्ट्झचं मशीन मऊ मातीत आणि उघड्या खडकावर बारीक कणांना अप्रतिम आहे, पण तांबड्या लोखंडी मातीत त्याची खोली झपाट्याने आटते. तिथं जुनं, वापरलेलं जीपीएक्स ४५०० सुद्धा तुमचं जग बदलेल. कोरं ६००० च हवं असं नाही.

एसडीसी २३०० वाल्याने थोडं थांबावं. त्याची आठ इंची कॉइल बारीक सोन्याला आजही तिखट आहे. त्याला ६००० ने मिळतो तो मुख्यतः वेग, कारण अकरा इंची कॉइल एका झोक्यात जास्त जमीन घेते.

जीपीएक्स ४५०० किंवा ५००० वाल्याचा निर्णय जमिनीवर आहे. तुमचा पट्टा उथळ खडकाचा, बारीक सोन्याचा असेल तर फरक कानाला लगेच कळेल. खोल मातीच्या दऱ्यांत मोठ्या नगेटच्या मागे असाल तर मोठी कॉइल घ्या आणि पैसे वाचवा. जीपीझेड ७००० वाल्याला ६००० वर जाऊन खोली मिळणार नाही. त्याला मिळेल ती खांद्याची सुटका.

विजेच्या तारांजवळ किंवा गावाच्या कडेला फिरणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम तपासावी. लवकर ऐकणारी मशीन बाहेरच्या विद्युत गोंगाटालाही लवकर बिचकतात. ६००० बरोबर येणारी १४ इंची डीडी (दोन वेटोळ्यांची) कॉइल गोंगाट आणि खारट जमीन दोन्ही मारते, पण बारीक सोन्यावरची धार थोडी बोथट करून. तुमच्या जागेवर कायम डीडीच लावावी लागणार असेल, तर जाहिरातीतलं मशीन तुम्हाला मिळणारच नाही.

हे मशीन विकत घेऊन महाराष्ट्रात घेऊन जायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडावा. भारतात जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं धन सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, संरक्षित किल्ले आणि स्मारकांवर खोदणं गुन्हा आहे, आणि जमिनीतलं नैसर्गिक सोनं खाण कायद्याखाली येतं.

घ्यायचं ठरलंच तर

नक्कल मशीनचा सुळसुळाट आहे, विशेषतः ऑनलाइन आणि परदेशातून 'स्वस्तात' येणाऱ्यांचा. बाहेरून ओळखू येत नाही. पैसे देण्यापूर्वी सीरियल नंबर घेऊन कंपनीकडे पडताळा. वापरलेलं घेत असाल तर वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का ते विचारा, आणि मशीन जमिनीवर चालवूनच घ्या, दिवाणखान्यात नको. ६००० ची कॉइल चिपवाली असते, त्यामुळे जुन्या जीपीएक्सच्या कॉइल त्यावर चालत नाहीत. कॉइलचा साठा असलेल्यांनी तो खर्च हिशेबात वेगळा धरावा.

पहिले चाळीस तास सोन्याची अपेक्षा न ठेवता द्या. 'नॉर्मल' आणि 'डिफिकल्ट' ही दोन सेटिंग एकाच पट्ट्यावर आलटून पालटून वापरा, प्रत्येक सिग्नल खोदा, हॉट रॉकसुद्धा. ते खडे पिशवीत जमवून घरी कॉइलवरून फिरवा, म्हणजे कान त्यांना ओळखायला लागतो. संवेदनशीलता ऑटोवर सोडा. हाताने वाढवण्याचा मोह पहिल्या महिन्यात आवरा, कारण जास्त संवेदनशीलतेचा गोंगाट बारीक सोन्याचा आवाज गिळतो.

जुनं मशीन हे चाळीस तास होईपर्यंत विकू नका. मधे दोन दिवस ते पुन्हा बाहेर काढा आणि नव्याने साफ केलेल्या पट्ट्यावरून फिरवा. त्याला अजून काही सापडत असेल तर ते सोनं नवं मशीन चालवणाऱ्या हातानेच सोडलंय, आणि कुठं सोडलंय ते त्याच दिवशी कळेल. मग विकताना दोन्ही कॉइल, चार्जर, मूळ पावती आणि बॅटरीचे मोजलेले तास घेणाऱ्याला द्या. एवढी कागदपत्रं असलेलं मशीन वरच्या हिशेबातल्या ३,००० च्या पुढेही जाऊ शकतं.